दर्शीचा उजवा पाय

कुंदाच्या खांद्यावर माझ्या मुलीच्या पायाचा ठसा होता. ओल्या मातीचा, पाचही बोटं दिसतील असा. मी डबा घेऊन मैदानाच्या कडेला उभी होते आणि कुंदा पाणी पीत माझ्यासमोर आली.

"टी-शर्ट मळला की गं तुझा," मी म्हटलं.

तिनं मान वळवून खांद्याकडे बघितलं. "तुमच्या लेकीचा पाय हाय तो, वैनी. असू दे. कशाला पुसायचा?"

आणि ती हसली. हसताना तिचे खांदे हलायचे. कांजूरच्या मिठागरात लहानपणापासून मिठाच्या टोपल्या वाहून झालेले खांदे होते ते, दाराच्या चौकटीएवढे. माझ्याहून ती चार-पाच वर्षांनी लहान. तिला मूलबाळ नव्हतं. नवरा मुलुंडला दुसरं घर करून राहत होता. ती मार्केटच्या तोंडाशी भाजी विकायची आणि संध्याकाळी आमच्या कॉलनीच्या मैदानात गोविंदाच्या सरावाला यायची.

मुलींची दहीहंडीची पथकं तेव्हा नुकतीच निघाली होती. विक्रोळीत तर आमचंच पहिलं. माझी दर्शना अठरा वर्षांची, अंगानं शिडशिडीत, ती दुसऱ्या थराला. खालच्या थराच्या बायका एकमेकींच्या पाठीवर हात टाकून गोल उभ्या राहायच्या. आमच्या पथकाची पद्धत अशी की दुसऱ्या थराची मुलगी एकीच्याच खांद्यावर चढत नसे. दोघींच्या मधोमध उभी राहायची, एक पाय हिच्या खांद्यावर, एक पाय तिच्या. दर्शीचा एक पाय नेहमी कुंदाच्या खांद्यावर असायचा. दुसरीकडच्या बाया बदलत, कुंदा बदलत नसे.

"दर्शे, डबा आणलाय," मी हाक मारली.

"मी जेवले, आई. मावशीकडे." कुंदाला ती मावशी म्हणायची.

"काय जेवलीस?"

"भाकरी आणि सुकट."

घरात सुकटीचा वास आला की खिडकी उघडणारी माझी मुलगी.

"पोलिसात जायचंय ना तिला," कुंदा म्हणाली. "खाऊ दे की. त्यानंच ताकद येते."

पोलिसात जायचंय हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मी डब्याचं झाकण पुन्हा घट्ट केलं.

घरी आल्यावर मी विचारलं, "पोलिसात जाणारेस?"

"तुला कोणी सांगितलं?"

"ज्यांना आधी कळलं त्यांनी."

ती चपला काढत होती. वर न बघता म्हणाली, "तुला सांगणारच होते गं. पण तू काळजी करतेस. मग जेवत नाहीस. मग चक्कर येते. मग मलाच बघायला लागतं."

खरंच होतं ते. ती अकरा वर्षांची असताना मला टायफॉइड झाला आणि मी जी वाळले ती वाळलेच. ब्लाउजच्या बाह्या दंडावर झोळीसारख्या लोंबायच्या. औषधाच्या गोळ्या पॅक करायच्या कंपनीत मी कामाला होते. तिथल्या बायका मला पंखा लावायला द्यायच्या नाहीत, उडून जाशील म्हणायच्या. मीही हसायचे. पण त्या रात्री मला हसायला आलं नाही. डोळ्यांपुढून तो खांदा जात नव्हता. मी मुलीला नऊ महिने पोटात वाढवलं, आणि तिचा भार पेलायचा मान भाजीवालीकडे.

त्या वर्षीची हंडी झाली. पावसाळा सरला तशी मी मधुदादाकडे गेले. मधुदादा म्हणजे पथकाचा शिकवणारा. मंडळाच्या व्यायामशाळेची किल्ली त्याच्याकडे असायची. तो वजनं पुसत बसला होता.

"पुढच्या वर्षी मला पथकात यायचंय," मी म्हटलं.

त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "वहिनी, वजनानं तुम्ही सगळ्यात वरच्या थराला चालाल. पण तिथं आठ-नऊ वर्षांची पोर लागते."

"मला खालच्या थराला उभं राहायचंय."

"खालच्या?" त्यानं फडकं बाजूला ठेवलं. "कोणाशी पैज लावलीत?"

"नाही."

"मग भांडण झालंय."

तो उठून उभा राहिला. "लहानपणी काही खेळलाय का? कबड्डी, लंगडी?"

"फुगडी. बसफुगडी."

"घाला बघू."

मी साडीचा पदर खोचला आणि खाली बसले. पोलादपूरकडच्या आमच्या गावात नागपंचमीला, गौरीला पोरी पोरी फेर धरायचो, आणि सगळ्या दमून बाजूला झाल्या तरी मी उकिडवी बसून उड्या मारत राहायचे. ते सगळं पायांत असेल असं मला वाटलं होतं. तिसऱ्या उडीला मी लादीवर बसले ती बसलेच.

मधुदादा हसला नाही. "आहे," तो म्हणाला. "गंज चढलाय, पण आहे. उद्यापासून सकाळी या. आणि घरी सांगा, ताटात आधी तुम्हाला वाढा म्हणून."

ही शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड होती. आमच्याकडे मी सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवायचे. पहिल्या दिवशी मी सगळ्यांबरोबर पान घेऊन बसले आणि दोन अंडी माझ्या ताटात ठेवली, तेव्हा आमच्या ह्यांनी चष्मा पुसला.

"दोन्ही तुझी?"

"दोन्ही."

"बरं बरं," हे म्हणाले. "मी काही बोलत नाही. आता हात उचललास तर मला झेपायचं नाही."

दर्शी हसली, पण तिला ते आवडलं नव्हतं. "आई, हे कशासाठी? तुला हे जमणार नाही."

"कुंदाला जमतं."

"मावशीचं वेगळं आहे."

सकाळी उठून मी व्यायामशाळेत जायला लागले. आधी भिंतीला हात लावून जोर, मग बाकाला, मग जमिनीवर. बैठका. पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या घेऊन हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणं. मधुदादानं गव्हाच्या गोणीत वाळू भरून दिली होती. ती खांद्यावर घेऊन मी भिंतीकडे तोंड करून उभी राहायचे. थोडी सवय झाली की तो आणखी वाळू घालायचा.

पहिले दोन महिने काहीच झालं नाही. म्हणजे दुखायचं सगळं, दिसायचं काही नाही. कंपनीत हात वर करता यायचा नाही. मांडी घालून बसले की उठताना दोघींना ओढावं लागायचं. आणि रोज परतताना मार्केटवरून यायचं, तिथं कुंदा भोपळ्याची पाटी एका हातानं उतरवताना दिसायची. वर विचारायची, "काय वैनी, आज किती वाळू?" तिच्या आवाजात टोमणा नसायचा. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

संक्रांतीनंतर कधीतरी ब्लाउज घालताना बाही दंडाला घट्ट बसली. मी आरशासमोर हात दुमडून बघितला. पेरूएवढी गाठ वर आली होती. शेजारच्या शिंपीणबाईंकडे गेले तर त्या म्हणाल्या, "बाह्या उसवून देते, कापड आहे आत." मी म्हटलं, "नको. घट्टच राहू दे." आणि त्या घट्ट बाहीचा ब्लाउज घालून, काही घ्यायचं नसताना, कुंदाकडे भाजी घ्यायला गेले.

तिच्या लगेच लक्षात आलं. तिनं टोपलीवरून हात लांब करून माझा दंड दाबून बघितला, दुधी बघावा तसा. "भरलात की," ती म्हणाली आणि गवारीत मूठभर मिरच्या टाकल्या. तिला वाईट वाटावं म्हणून मी गेले होते. ती खूश झाली होती.

गुरुपौर्णिमेला सराव सुरू झाला. मी आयुष्यात पहिल्यांदा सलवार घातली, वर पथकाचा टी-शर्ट. त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत पथकाचं नाव होतं. मला ते तेव्हा वाचता येत नव्हतं, वाचायला मी शिकले ती पुढे दर्शी नोकरीला लागल्यावर. मधुदादानं सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर वाळूची गोणी ठेवली आणि वरून दोन्ही हातांनी दाबलं. मी हलले नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. दर्शी टाळ्या वाजवत नव्हती, ओठ चावत होती.

"उंची कुंदाशी जुळते," मधुदादा म्हणाला. "वहिनी, कुंदाच्या उजव्या हाताला उभ्या राहा."

म्हणजे माझा डावा हात कुंदाच्या पाठीवर, तिचा उजवा हात माझ्या पाठीवर. म्हणजे आमच्या दोघींच्या मध्ये दर्शी. तिचा डावा पाय कुंदाच्या खांद्यावर, उजवा माझ्या.

मला वाटलं, निम्मी तर मिळाली.

पण खालच्या थराला वरचं काही दिसत नाही. माना खाली असतात, डोकी जवळजवळ टेकलेली असतात, समोरच्या बाईचे पाय आणि जमीन एवढंच दिसतं. कळतं ते फक्त खांद्याला. आणि मी वर्षभर वाळू तोललेली बाई. पहिल्याच संध्याकाळी दर्शी चढली, उभी राहिली, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या खांद्यावर काहीच नाही. पाय होता. टाच टेकलेली होती. पण भार नव्हता. घोड्यानं पाय उचलून नुसता खूर टेकवावा, तसा. सगळी मुलगी कुंदाच्या खांद्यावर उभी होती.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. शेजारी कुंदाचा श्वास जोरात यायचा आणि मी गार वाऱ्याला उभी असल्यासारखी उभी. सराव संपला की कुंदा मान मोडायची, खांदा गोल फिरवायची. तिच्या त्या दुखण्याचा मला हेवा वाटायचा. कुणाला खोटं वाटेल, पण तसंच होतं.

अष्टमी दोन दिवसांवर आली तेव्हा मी गच्चीत कपडे वाळत घालताना दर्शीला धरलं.

"माझ्यावर उभी का राहत नाहीस?"

"राहते की."

"पाय ठेवतेस. उभी कुंदावर राहतेस. मला काय कळत नाही?"

तिनं चादर झटकली. पाणी माझ्या तोंडावर उडालं. "सवय आहे मला मावशीची."

"सवय मोड. मी वर्षभर कोणासाठी गोणी उचलली?"

"मी सांगितलं होतं का उचल म्हणून?"

"दर्शे."

ती चादरीच्या पलीकडे होती. मला तिचे हात तेवढे दिसत होते, दोरीवर.

"आई, तुला आठवतं की नाही माहीत नाही," ती म्हणाली. "तू आजारी होतीस तेव्हा बाबांची रात्रपाळी असायची. तुला मोरीपर्यंत मी न्यायचे. तू माझ्या गळ्यात हात टाकायचीस. एकदा तू अशी सगळी माझ्यावर पडलीस, आणि मला काही वजनच लागलं नाही. मी अकरा वर्षांची होते आणि मी तुला उचललं." तिनं चादरीला चिमटा लावला. "तू गोण्या उचल. माझा पायच दाबत नाही. मी ठरवते, आज दाबायचा. वर गेले की दाबत नाही."

मला ते मोरीचं आठवत नव्हतं. तापात होते मी. तिला मात्र ते सगळं आठवत होतं, इतकी वर्षं, आणि मी तिला विचारत होते की कुंदाकडे का जातेस.

"मधुदादाला सांगून मी बाजूला होते," मी म्हटलं. "वर असताना एका पायावर उभी राहशील तर पडशील."

"नको. आता कुणाला आणणार?" तिनं रिकामी बादली उचलली. "मी बघते."

अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी आमचा ट्रक सकाळी निघाला. दोन-तीन ठिकाणी नुसती सलामी देऊन दुपारी आम्ही घाटकोपरच्या मोठ्या हंडीखाली आलो. गर्दी अशी की जमीन दिसत नव्हती. लाऊडस्पीकरवाला ओरडत होता, "आता येतायत विक्रोळीच्या रणरागिणी." वरून कोणीतरी बादलीभर पाणी ओतलं. आम्ही गोल धरला. माझा हात कुंदाच्या पाठीवर. ओल्या टी-शर्टाखाली तिची पाठ दगडासारखी होती.

"वैनी, श्वास पोटात घ्या," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक हाय तर घ्या."

मधुदादाची शिट्टी झाली. दुसरा थर चढला. पाठीवर गुडघा, मग कमरेचा धक्का, मग खांद्यावर पाय. दर्शीचा उजवा पाय. आणि तसाच, हलका. ती सरळ उभी राहिली, दुसऱ्या थराच्या मुलींनी एकमेकींचे हात धरले. आता दुसरी शिट्टी झाली की तिसरा थर चढणार. मी डोळे मिटले. मनात म्हटलं, राहू दे. नाही दाबत तर नाही. पडू नकोस म्हणजे झालं.

तेवढ्यात कुंदाचा उजवा खांदा खाली गेला.

फार नाही, दोन बोटं असेल. वर दर्शीच्या तोंडून बारीक आवाज आला. तिचा डावा पाय खाली गेला आणि तिला दुसरं काही करायला वेळच नव्हता. सगळीच्या सगळी मुलगी माझ्या खांद्यावर आली.

गोणी वेगळी असते. गोणी जिवंत नसते. हा भार हलत होता, टाच हाडात घुसत होती, बोटांनी टी-शर्टासकट कातडी पकडली होती. माझे गुडघे किंचित वाकले. बसफुगडीत वाकतात तसे वाकले, आणि तिथेच थांबले. मी पोटात श्वास धरला. खांदा जागचा हलला नाही.

वरून आवाज आला, "आई?"

"उभी राहा," मी जमिनीकडे बघत म्हटलं.

ती उभी राहिली. कुंदाचा खांदा हळूच पुन्हा वर आला, पण दर्शीचा उजवा पाय आता उचलला गेला नाही. दुसरी शिट्टी झाली. तिसरा थर चढला, चौथा चढला, छोटी पोर सगळ्यांच्या पाठीवरून सरसर वर गेली. काय झालं ते मी बघितलं नाही. थंड दही मानेवरून पाठीत उतरलं तेव्हा कळलं, हंडी फुटली.

उतरल्यावर नाचगाणं चाललं होतं आणि मधुदादा नाचता नाचता चिडला होता. "कुंदा, खांदा पडला तुझा. तिसरा थर असता तर सगळा मनोरा आला असता खाली."

"पडला असेल," कुंदा म्हणाली. "वय झालं."

पण तिच्या पाठीवर हात माझा होता. थकलेली पाठ थरथरते, ते मला वर्षभर माझ्याच अंगावरून कळलं होतं. तिची पाठ थरथरली नव्हती. दगडासारखी होती तशीच, खांदा खाली जाताना आणि वर येतानासुद्धा.

ट्रकमध्ये मी तिच्याशेजारी जागा धरली. "मुद्दाम केलंस," मी हळू आवाजात म्हटलं.

"काय?"

"तिसरा थर चढायच्या आधीच बरोबर पडला होय खांदा?"

ती टी-शर्टाचं टोक पिळत होती. "पोरगी महिनाभर माझ्या एका खांद्यावर उभी. मला काय हौस हाय?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि तुम्ही माझ्याकडं कशा बघता, ते मला दिसत नाय का, वैनी? मला वाटलं, घ्या एकदाची."

जे मला इतकं हवं होतं ते मिळालं होतं, आणि तेही तिनंच दिलं होतं. माझ्या डाव्या खांद्यात ठणका लागला होता. त्याचं मला सुख वाटत होतं आणि त्याच वेळी या बाईला ट्रकमधून खाली ढकलावंसंही वाटत होतं.

दर्शी मुलींमधून वाट काढत आली. केसांत दही, हातात तेलाची बाटली. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तू हललीच नाहीस."

"नाही."

"मला वाटलं..." तिनं वाक्य सोडून दिलं. मी डावा खांदा तिच्या बाजूला वळवला.

पण ती कुंदाकडे वळली. "मावशी, काय झालं तुला? बरं वाटत नाही का? सकाळपासून काही खाल्लंस?" आणि ट्रकच्या फळीवर, आमच्या दोघींच्या पुढ्यात खाली बसली, कुंदाचा हात ओढून मांडीवर घेतला आणि तिचा तो धडधाकट खांदा तेल लावून चोळायला लागली.

कुंदानं माझ्याकडे बघितलं. हसू दाबल्यानं तिचे गाल फुगले होते. "चोळ गं बाय," ती म्हणाली. "लय दुखतंय."

मला त्या तेलाचासुद्धा हेवा वाटला.

ट्रक सुरू झाला. खड्ड्यात चाक गेलं आणि दर्शीचा तोल गेला. ती मागे झाली, तिची पाठ माझ्या गुडघ्यांवर आपटली. सावरून ती पुढे होईल असं मला वाटलं. ती झाली नाही. मान न वळवता, हात कुंदाच्या खांद्यावर तसेच चालू ठेवून, ती माझ्या पायांवर सैल रेलली, खुर्चीला रेलावं तशी, सगळ्या अंगानं. ओलीचिंब, जड.

विक्रोळी येईपर्यंत मी हलले नाही.